मदत हवी आहे: लांबून बाण डावीकडे जातोय, कंपाउंड बोची साईट कशी लावू?

रानभूल
शिकारीचा कंपाउंड बो (चाकांचं धनुष्य) आहे, पाच पिनची साईट, म्हणजे नेम धरायला पाच ठिपके, एकेक वेगळ्या अंतराचा. २० मीटरला वरची पिन एकदम बरोबर, सगळे बाण मुठीएवढ्या जागेत. ४० ला डावीकडे, ५० ला अजूनच डावीकडे. साईट सरकवून ५० ला जुळवली की २० ला बोंब. ॲलन की हातात घ्यायचा वैताग आलाय आता. कुठला स्क्रू फिरवायचा तेवढं सांगा, लवकर हवंय.

तळ्याकाठचा
उजव्या हाताचे की डाव्या? रिलीज (दोरी सोडायचा चाप) वापरता की बोटांनी ओढता? साईटवर बबल (बो सरळ उभा आहे का दाखवणारा बुडबुडा) आहे का? यातलं काहीच लिहिलं नाहीत, सांगणार काय?

सरळसोट
साईटला हातच लावू नका, हा रेस्टचा, म्हणजे बाण टेकतो त्या आधाराचा प्रॉब्लेम आहे. बाण मुळात तिरका निघतोय, २० ला साईटने ते झाकलंय, म्हणून जितकं लांब तितका जास्त डावीकडे. वॉकबॅक करा, म्हणजे मागे मागे सरकत मारून बघा. टार्गेटवर उभी चिकटपट्टी लावा, वरच्या टोकावर नेम, आणि फक्त २० ची पिन वापरून २०, ३०, ४० वरून मारा. ४० वरून बाण सहज हातभर खाली लागतो त्यामुळे टार्गेट उंच पाहिजे. सगळे पट्टीवर यायला हवेत. रेघ तिरकी डावीकडे गेली तर रेस्ट उजवीकडे, अगदी केसभर, मग २० ला साईट परत लावा.

बिनपिसांचा
बबलच खोटा असेल तर वॉकबॅकही खोटंच सांगणार. बो कललेला राहतो, पिन बाणाच्या बरोबर वर न राहता बाजूला जाते आणि रेस्ट जागेवर असूनही तीच तिरकी रेघ येते. आधी सेकंड ॲक्सिस. म्हणजे साईट डावी-उजवीकडे कललेली नाही ना ते बघणं. बो पक्का आवळून धरा, शेजारी ओळंबा सोडा, पिनांची ओळ ओळंब्याला समांतर झाली की बबल मधोमध हवा.

सरळसोट
सेकंड ॲक्सिस चुकलं असेल तर एकाच पिनने रेघ सरळ येईल आणि आपापल्या पिनने मारल्यावर तिरकी. म्हणून तर एकच पिन म्हणतोय. नीट वाचा की.

बिनपिसांचा
वाचलंय. बो कललेलाच धरला तर एका पिनलाही फरक पडतो, एवढंच म्हणतोय.

एकनेम
पाच पिना हव्यात कशाला? एका पिनचा स्लायडर (अंतराप्रमाणे पिन वर-खाली सरकवायची साईट) घ्या, मी घेतला आणि सुटलो. घाईत कुठली पिन कितीची हा घोळच नाही.

तळ्याकाठचा
एकनेम, त्यांनी ते विचारलंय का? आणि स्लायडरसुद्धा तिरका बसला तर लांब जाताना बाजूला सरकतोच.

मंदउजेड
अवांतर आहे पण विचारतो, संध्याकाळी मला पिनचा ठिपका फुटल्यासारखा दिसतो, पिनचा लाइट कमी करू का पीप (दोरीतलं बघायचं भोक) बदलू?

एकनेम
लाइट कमी करा. लहान पीपने ठिपका रेखीव दिसेल पण संध्याकाळी उजेड पुरणार नाही. तरी फुटला तर डोळे तपासून घ्या.

रानभूल
अहो माझं राहिलं बाजूला. उजव्या हाताचा, रिलीज वापरतो, बबल मधोमध बघूनच सोडतो. फील्ड पॉइंटच (सरावाची साधी टोकं) आहेत, ब्रॉडहेड (शिकारीचं पात्याचं टोक) अजून लावलं नाही. खाली मैदान छोटं आहे म्हणून ४० आणि ५० टेकाडावरून खाली मारतो, अंतर मोजलेलं आहे त्यामुळे तो प्रश्न नाही.

चढउतार
अहो हेच पहिल्या ओळीत यायला हवं होतं! उतारावर थर्ड ॲक्सिस लागतं. साईटचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असेल तर सपाटीला काही कळत नाही, पण बो खाली झुकवला की बबल फसवतो, तो मधोमध आणायला तुम्ही नकळत बो कलवता आणि बाण बाजूला जातो. खालून वर मारून बघा. तिथे उजवीकडे गेला तर हेच.

सरळसोट
शक्य आहे. पण आधी सपाट जागा शोधून एका पिनने ४० मारा, रेस्ट बाद करायची तर तेवढं हवंच.

रानभूल
मारले. सपाटीला ४० पट्टीवर आहेत, ४० च्या पिननेही मधोमध. टेकाडाखालून वर मारले तर उजवीकडे. म्हणजे थर्ड ॲक्सिस ना? त्याचा स्क्रू कुठे असतो?

चढउतार
हो, तेच. हाउसिंग (पिनांभोवतीची कडी) जिथे दांड्याला जोडलंय तिथे बारीक सेट स्क्रू बघा, सगळ्याच साईटना नसतात. भिंतीवर ओळंब्याने उभी रेघ मारा, टार्गेटकडे तोंड करून बाण लावूनच पूर्ण ओढा, बाण न लावता सुटला तर बो फुटू शकतो. रेघ टार्गेटच्या मागे असू दे. पिनांची ओळ रेघेवर ठेवून बो खाली झुकवा आणि दुसऱ्याला बबल बघायला सांगा. मग बो उतरवून स्क्रू थोडासा फिरवा, परत बघा.

बिनपिसांचा
आणि त्याच्या आधी सेकंड ॲक्सिस.