ऑपरेशनच्या आधीचे दिवस तुम्ही कसे काढलेत? (अनुभव)

गर्भपिशवी, अंडाशय किंवा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला आणि मोठं ऑपरेशन करावं लागलं, अशा बायकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा धागा काढतेय. ऑपरेशन कसं झालं ते सगळे विचारतात. तारीख मिळाल्यापासून स्ट्रेचरवर घेईपर्यंतचे दिवस कसे गेले, हे मला कुणी विचारलं नाही. तेवढंच लिहा. सुरुवात मीच करते.

जळगाव, वय 57
पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि एक दिवस डाग दिसला. ‘उष्णता असेल’ म्हणत दोन महिने धने-जिऱ्याचं पाणी पीत बसले. (मुद्दाम लिहितेय. पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी दाखवायचं असतं, हे मला माहीत नव्हतं.) पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. पिशवी, दोन्ही अंडाशयं आणि लागल्या तर आजूबाजूच्या गाठी काढायच्या असं ठरलं. तारीख मिळाली अठरा दिवसांनंतरची.

महिना मे. जळगावचं ऊन सांगायला नको. दिवसभर घरात पडून पंख्याकडे बघितलं की डोक्यात तेच. चौथ्या दिवशी उठले आणि ज्वारी भिजत घातली. बिबड्यांची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांची. सून म्हणाली, आई, हे काय आता? डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले, चालत्या-फिरत्या राहा, चांगलंच आहे, फक्त जड उचलू नका. मग घाटा सुनेनं हाटायचा, मी गच्चीवर धोतरावर थापायच्या. पहाटे पाचला वर जायचं, ऊन तापायच्या आत खाली. हात ओले असले की माझं डोकं गप्प बसतं, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. एवढ्या बिबड्या झाल्या की दोन वर्षं पुरतील, आणि खारट झाल्या होत्या. कुणी बोललं नाही.

रात्रींना मात्र काही उपाय सापडला नाही. तिथं तुम्ही सांगा.

भुसावळ, मुलगी
आईला आम्ही कॅन्सर सांगितलाच नव्हता. ‘गाठ आहे, काढून टाकू’ एवढंच. मामा म्हणाले, तिचं काळीज लहान आहे. परळला टाटामध्ये दाखवायला जायचं होतं. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ असतं आणि सोबत्याला 75 टक्के सवलत, म्हणून डॉक्टरांकडून फॉर्म भरून घेतला होता. गाडीत टीसी आला, चार्ट बघून त्यानं सरळ विचारलं, “कॅन्सर पेशंट कोण आहे?”

मी आणि मामा एकमेकांकडे बघतोय. आई खिडकीतून वळली आणि म्हणाली, “मी.”

टीसी पुढे गेला. आईनं डबा उघडला, कळण्याची भाकरी आणि ठेचा आमच्या हातावर दिला आणि म्हणाली, “माले भ्याव लागस, पण तुम्हना तोंड दखीसन जास्त लागस.” तिला महिनाभर माहीत होतं. आम्ही खोटं बोलतोय म्हणजे फारच वाईट असणार, असं धरून ती एकटी रात्री जागत होती. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो, तिथं शेजारच्या खाटेवरच्या बाईशी पहिल्याच संध्याकाळी तिनं इतकं मोकळं बोलून घेतलं की मला ऐकताना लाज वाटली. त्या रात्री ती झोपली. मी नाही.

धुळे, वय 38
माझं पिशवीच्या तोंडाचं होतं. मला मरणाची भीती नव्हती असं नाही, पण ती कुठेतरी मागे होती. पुढे उभ्या होत्या दोन गोष्टी. एक, लघवीची नळी. या ऑपरेशनात मूत्राशयाच्या नसांच्या जवळ काम चालतं, म्हणून लघवी आपोआप व्हायला वेळ लागतो आणि नळी बरेच दिवस ठेवावी लागते, असं सांगितलं होतं. घरात सासरे, दीर. लघवीची पिशवी लटकवून कसं फिरायचं? शेवटी सिस्टरनंच युक्ती सांगितली, गाऊनवर दुपट्टा आडवा घ्यायचा. एवढ्याशा गोष्टीसाठी मी आठ दिवस जीव जाळला.

दुसरी, बांगड्या. काच, मंगळसूत्र, सगळं काढायचं. सासूबाई बोलल्या नाहीत, पण देवासमोर जाऊन बसल्या. माझ्या भरल्या हातांकडे बघून मीच रडले. वॉर्डातल्या मावशीनं मनगटाला लाल दोरा बांधून दिला. ऑपरेशन थिएटरच्या दारात तोही कापला, पण तोवर माझं रडून झालं होतं.

आणि एक कबुली. मी मशेरी लावते हे भूलतज्ज्ञांना सांगितलं नव्हतं, लाजेनं. मग रात्री भीती, की आता भूल चढणार नाही किंवा उतरणार नाही. सकाळी सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, लिहून घेतलं आणि बंद करा म्हणाले. लपवू नका गं.

यावल, नवरा
मी केळीवाला माणूस, लिहिता येत नाही नीट. बायकोचं ऑपरेशन होतं तेव्हा बाग कापणीला आलेली. मी रक्त देणारे चार पोरं जमवले, जनआरोग्य योजनेचे कागद आरोग्यमित्राकडे दिले, गाडी सांगितली, सगळं केलं. फक्त तिच्याजवळ बसलो नाही. ती म्हणे, माझ्यामागं म्हैस कोण पाहील? मी म्हटलं, म्हशीचं काय घेऊन बसली! मोठं भांडण झालं भो. मला वाटे ती म्हशीचं विचारते. साडूच्या लक्षात आलं, मग मी शेजारच्या काकूला बोलावून तिच्यासमोर धार काढायची वेळ ठरवून घेतली. तेव्हा ती गप झाली.

अजून एक. पुढचं नवराबायकोचं काय, हे आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. डॉक्टर मॅडमनी आपणहून काढलं, किती दिवस थांबायचं ते सांगितलं. मी जमिनीकडे पाहत होतो, पण ऐकलं सगळं.

नंदुरबार, वय 49
अंडाशयाचा. तीन किमो, मग ऑपरेशन, मग परत तीन. आम्हाला तापी लाइननं सुरत जवळ पडतं, म्हणून तिथंच. किमोच्या काळात मी सीए-125 च्या (अंडाशयाच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायला करतात त्या रक्तचाचणीच्या) आकड्याला चिकटले. 35 च्या आत हवा, माझा शेकड्यात. प्रत्येक रिपोर्ट मोबाइलवर मोठा करून बघायची. मुलानं शेवटी रिपोर्ट स्वतःच्या नंबरवर मागवले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोटावर पेननं खूण केली. आतड्याचा तुकडा काढावा लागला तर शौचाची पिशवी इथं बसेल म्हणून. एका डॉक्टरनं हे दारात उभ्या-उभ्या सांगितलं आणि निघून गेला. रात्री छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना, हातपाय मुंग्या. मला वाटलं हार्ट अटॅक. ईसीजी चांगला आला. भीतीच होती ती. मग दुसऱ्या डॉक्टर येऊन खाटेवर बसल्या, कागदावर पोट काढून दाखवलं आणि झोपेची एक गोळी दिली. मी घेतली. सप्तशृंगीला नवस बोलले होते, तरी गोळी घेतली. दोन्ही चालतं. पिशवी लागली नाही.

जळगाव, निवृत्त सिस्टर
पस्तीस वर्षं ऑपरेशनला बायका पाठवल्या, म्हणून चार शब्द. चहा का देत नाहीत यावरून सकाळी रडारड होते. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून उपाशी ठेवतात. दुधाचा चहा अन्नातच धरतात, साध्या पाण्याची वेळ वेगळी असते, ती आपल्या डॉक्टरांना विचारा. बीपी-शुगरच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या मनानं चालू किंवा बंद करू नका. श्वास आत ओढायचं, तीन छोट्या चेंडूंचं यंत्र देतात, ते आधीपासून वापरायला शिका. नंतर टाके दुखताना शिकणं अवघड जातं.

रात्रीचं विचारलंय, तर श्वास जेवढा घेता त्यापेक्षा सावकाश सोडा. आणि फारच झालं तर 14416 ला फोन लावा, टेलिमानस या सरकारी मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा आहे, मराठीत बोलतात. ऑपरेशन चालू असताना मध्येच जाग येईल का, हा प्रश्न शंभरातल्या नव्वद बायकांच्या मनात असतो आणि विचारतात दोघी. भूलतज्ज्ञांना तोंडावर विचारा, त्यांना सवय असते.

चाळीसगाव, वय 44
माझं परवा गुरुवारी आहे. सगळं वाचलं, दोनदा. प्रश्न वहीत लिहून घेतले. एकच राहिलंय. जोडवी निघत नाहीत. बोटं सुजली आहेत. साबण लावून बघितलं. कापायला सांगतील का?

जळगाव, निवृत्त सिस्टर
कापू नका इतक्यात. पाय अर्धा तास उशीवर उंच ठेवा. मग शिवणाचा जाड दोरा घ्या, एक टोक जोडव्याखालून सरकवा आणि पुढचं बोट नखाकडे घट्ट गुंडाळत न्या. थोडं तेल. आता जोडव्याखालून सरकवलेलं टोक धरून दोरा उलटा सोडवत चला, जोडवं त्याच्याबरोबर पुढे येतं. नाही आलं तर फोटो टाका.

चाळीसगाव, वय 44
डाव्या पायाचं निघालं.