मदत हवी आहे: कार्यालयात बोलताना डोळे भरून येतात आणि मुद्दा तिथेच राहतो

सर्वांस नमस्कार.

माझे वय ४१ आहे, मी पुरुष आहे आणि गेली १४ वर्षे खरेदी विभागात काम करतो. हे आधीच सांगतो, कारण 'ऑफिसात रडू येते' एवढे वाचले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नोकरीला नुकतीच लागलेली एखादी मुलगी उभी राहते आणि सल्लाही मग तिला उद्देशूनच दिला जातो. (तो तिला तरी कितपत उपयोगी पडतो, याविषयी मला शंका आहे.)

मला चारचौघांत रडू येते. हुंदके देऊन नव्हे. आधी घशात आवंढा अडकतो, मग आवाज कापरा होतो, डोळे भरून येतात आणि वाक्य अर्ध्यावर तुटते. दुःखाच्या प्रसंगी असे होत नाही. घरात मृत्यू झाला तेव्हा नातेवाइकांना कळवण्यापासूनची सगळी धावपळ मी कोरड्या डोळ्यांनी केली होती. माझे डोळे भरतात ते रागाने, आणि त्याहूनही अधिक, आपली बाजू खरी असूनही समोरच्याला ती ऐकून घ्यायची नाही असे दिसू लागते तेव्हा.

तीन आठवड्यांपूर्वीचा प्रसंग सांगतो. एका मालाला ११ दिवस उशीर झाला आणि आढावा बैठकीत त्याचा ठपका माझ्यावर येणार, याची मला कल्पना होती. म्हणून मी आदल्या रात्री बसून एक तक्ता तयार केला होता: कोटेशन कोणत्या तारखेला आले, तुलनापत्रक कधी सादर केले, मंजुरीची फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती. त्या ११ दिवसांपैकी ९ दिवस फाइल ज्यांच्या टेबलावर होती, ते गृहस्थ बैठकीत माझ्या समोरच बसले होते. मी तक्ता उघडला, पहिली ओळ वाचली, दुसरी वाचताना आवाज फाटला, आणि तिसऱ्या ओळीत मी पेनाने दुरुस्त केलेल्या तारखेवर थेंब पडून शाई पसरली. क्षणभर कोणीच बोलले नाही. मग साहेब अतिशय सौम्य स्वरात म्हणाले, "अहो, इतकं मनाला लावून घेऊ नका. पाणी घ्या." कोणीतरी ग्लास पुढे सरकवला आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली. तक्त्याची घडी घालून मी तो खिशात ठेवला. इतिवृत्तात उशीर माझ्या नावावर नोंदला गेला आहे.

साहेब माझ्याशी वाईट वागले असे मी म्हणू शकत नाही, आणि माझी अडचण नेमकी हीच आहे. ते ओरडले असते तर मला उलट बोलता आले असते. त्यांनी मला पाणी दिले, त्यामुळे फाइल नऊ दिवस कोठे होती हा प्रश्न मागे पडून मी कसा आहे हा प्रश्न पुढे आला, आणि मी ठीक आहे असे सांगण्यापलीकडे मला काही करता आले नाही.

त्यानंतरचा अर्धा तास स्वच्छतागृहात गेला. हात वाळवण्याच्या यंत्राचा आवाज मोठा असतो, हा त्याचा एक उपयोग मला अनुभवाने कळला आहे. गार पाण्याने तोंड धुतले तरी नाकाचा शेंडा आणि पापण्यांच्या कडा बराच वेळ लाल राहतात, आणि तोपर्यंत बाहेर येऊन जागेवर बसावेसे वाटत नाही.

सार्वजनिक ठिकाणी याचाच उरलेला भाग घडतो. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी तो तक्ता मनातल्या मनात पुन्हा वाचू लागतो, या वेळी सगळ्या ओळी नीट वाचून होतात, आणि तरीही डोळ्यांतून पाणी वाहते. समोरच्या सीटवरचे लहान मूल टक लावून पाहते आणि मोठी माणसे फोनमध्ये डोळे घालतात. त्यातल्या त्यात मुलाचे पाहणे मला सुसह्य वाटते.

तळहातावर नख रोवणे, जीभ टाळूला दाबून धरणे, छताकडे पाहणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे, हे सर्व करून पाहिले आहे. वजाबाकी करताना समोरचा काय बोलला तेच कळत नाही, त्यामुळे तो उपाय मी सोडून दिला. हा स्वभाव शाळेपासूनचा आहे. परंतु पूर्वी वर्षातून एक-दोनदा होणारी गोष्ट गेल्या आठ महिन्यांत महिन्याला दोन-तीनदा होऊ लागली आहे.

तेव्हा माझा प्रश्न असा: रडू कसे थांबवावे, यापेक्षा डोळ्यांत पाणी असतानाही बोलणे पुढे कसे न्यावे आणि समोरच्याला विषयावर कसे धरून ठेवावे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? 'मन खंबीर करा' हे कृपया लिहू नये. ते मला घरी नियमितपणे ऐकायला मिळते.

प्रतिसाद १

आपण प्रश्न योग्य ठिकाणी वळवला आहे, असे मला वाटते. मी अनेक वर्षे समुपदेशनाचे काम केले आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना रडणे थांबवण्याची युक्तीच हवी असते. अशी खात्रीची युक्ती नाही, याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. डोळ्यांच्या वरच्या बाहेरील बाजूस असणाऱ्या अश्रुग्रंथींना आज्ञा मिळते ती चेहऱ्याच्या मज्जातंतूमधील स्वायत्त तंतूंमार्फत, आणि हात उचलावा तसे त्यांवर आपले थेट नियंत्रण चालत नाही. वर पाहिल्याने पाणी डोळ्यांत थोडा वेळ अधिक साठून राहते, एवढेच. जादा पाणी पापण्यांच्या कोपऱ्यातील बारीक छिद्रांतून नाकात उतरते, म्हणून डोळे कोरडे राखण्यात यश आले तरी नाक वाहू लागते आणि गुपित फुटायचे ते फुटतेच. घशातल्या आवंढ्याचे स्पष्टीकरण असे दिले जाते की, भावना उचंबळली की अधिक हवा घेण्यासाठी स्वरयंत्राचे द्वार उघडे राहू पाहते, गिळण्यासाठी मात्र ते मिटावे लागते, आणि या ओढाताणीत तिथे गोळा असल्यासारखे वाटते. त्यामुळे त्या क्षणी गिळत राहण्याऐवजी सावकाश, लांब श्वास सोडावा. पाण्याचा एक घोट घेणेही चालेल, पण तो ग्लास आपण स्वतः उचललेला असावा. दुसऱ्याने सरकवलेला नसावा.

वजाबाकीविषयी आपण जे लिहिले, ते मला फार महत्त्वाचे वाटले. रिचर्ड्स आणि ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चेहऱ्यावर भावना दिसू न देण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना त्या वेळी ऐकलेले कमी आठवत होते. त्याआधी ग्रॉस आणि लेव्हन्सन यांना असे आढळले होते की, नकोशी भावना बाहेरून लपवली तरी आतून ती कमी होत नाही आणि शरीरावरचा ताण उलट वाढतो. म्हणजे बैठकीत आपण जेवढी शक्ती डोळे कोरडे ठेवण्यात घालवाल, तेवढी ती आपल्या तक्त्यातूनच वजा होणार आहे.

आता बोलणे पुढे नेण्याविषयी. २०१६ साली एलिझाबेथ बेली वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कामाच्या ठिकाणी व्याकूळ झालेल्या माणसाने 'मी फार भावनाप्रधान आहे' असे सांगितले किंवा काहीच सांगितले नाही, त्यापेक्षा 'मला या कामाची तळमळ आहे' असे सांगितले, तर पाहणारे त्याला अधिक सक्षम समजतात, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्या बैठकीत ती पोकळी साहेबांनी भरली. 'मनाला लावून घेऊ नका' या वाक्याने आपल्या अश्रूंचा अर्थ त्यांनीच ठरवून टाकला, आणि तो कोणी खोडला नाही. अर्थ सांगण्याचे काम आपण स्वतः करावे, तेही डोळे भरण्यापूर्वी. एकच वाक्य पाठ करून ठेवावे आणि त्यात क्षमायाचना नसावी. 'माफ करा, मला जरा...' अशी सुरुवात झाली की समोरचा माणूस सांत्वनाला धावतो, आणि मग तक्ता पुन्हा खिशात जातो.

दुसरी सूचना साधी आहे. तक्ता बैठकीपूर्वी सर्वांना पाठवून ठेवावा. आवाज फुटला नाही तरी तारखा त्यांच्यासमोर असतील आणि आपल्याला बोटाने ओळ दाखवून पुढे जाता येईल.

प्रतिसाद २

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहीत आहे. माझ्या हाताखाली १२ माणसे आहेत आणि गेल्या काही वर्षांत त्यांपैकी चौघांच्या डोळ्यांत माझ्यासमोर पाणी आले आहे. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला माझीच सुटका हवी असते. पाणी देणे, विषय बदलणे, 'नंतर बोलू' म्हणणे, ही सर्व माझी सोय असते आणि वर तो माझा चांगुलपणाही ठरतो. त्या चौघांपैकी एक बाई मात्र म्हणाल्या होत्या, "सर, डोळ्यांकडे लक्ष देऊ नका, माझं बोलणं चालू आहे." त्यानंतरची दहा मिनिटे त्या रडत होत्या आणि मी टिपणे घेत होतो. काय करावे हे कोणीतरी स्पष्ट सांगितल्यामुळे मला हायसे वाटले होते.

प्रतिसाद ३

वर सर्वांनी बैठकीविषयी लिहिले आहे. मी आपल्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदातील एका वाक्याविषयी लिहितो. शाळेपासूनचा स्वभाव असणे वेगळे आणि आठ महिन्यांत वारंवारता इतकी वाढणे वेगळे. झोप, भूक, कामातला रस यांत बदल झाला असेल आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन खिन्न राहत असेल, तर ते नैराश्य असू शकते, आणि पुरुषांमध्ये ते अनेकदा चिडचिडीच्या रूपातच दिसते. थायरॉइडच्या विकारांतही मनःस्थिती बदलते आणि त्याची तपासणी साध्या रक्तचाचणीने होते. एखादे नवे औषध या काळात सुरू झाले असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. पक्षाघात किंवा मेंदूच्या काही आजारांनंतर मनात तशी भावना नसतानाही रडू कोसळते. आपण जे वर्णन केले आहे त्यात राग आणि अश्रू यांचा मेळ दिसतो, त्यामुळे ते तसे वाटत नाही, परंतु तपासणी केल्याशिवाय यावर बोलणे बरे नव्हे.

'महिन्याला दोन-तीनदा' म्हणजे पुरुषासाठी फार झाले असे आपल्याला वाटत असेल, तर विल्यम फ्रे यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत नोंदवलेले आकडे पाहावेत. स्त्रिया महिन्याला सरासरी ५ हून थोड्या अधिक वेळा, तर पुरुष एकाहून थोड्या अधिक वेळा रडतात, असे त्यात आढळले, आणि नुसते डोळे पाणावणेही त्यात मोजले होते. म्हणजे आपण सरासरीच्या वर आहात, पण वेगळ्या जातीचे नाही. आपल्यासाठी खरी मोजणी आपल्याच मागील वर्षाशी करावी.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण पुढची बैठक होऊन जाईपर्यंत लिहू नये असे ठरवले होते.

तक्ता मी आदल्या दिवशी सर्वांना ईमेलने पाठवला. वाक्य तयार करायला दोन संध्याकाळी लागल्या आणि अखेर ते असे झाले: "या विषयाची मला तळमळ आहे, त्यामुळे माझा आवाज कापेल, पण माझे पाच मुद्दे आहेत आणि मी ते पूर्ण करणार आहे." पहिल्या मसुद्यात 'कृपया समजून घ्यावे' असे शब्द होते, ते प्रतिसाद वाचून काढून टाकले. बैठकीत मी हे वाक्य जरा घाईने म्हटले. डोळे दुसऱ्या मुद्द्यालाच भरले. मी थांबलो, लांब श्वास सोडला, स्वतःच पाणी ओतून घेतले आणि बोट तिसऱ्या ओळीवर ठेवले. साहेब काही म्हणण्याच्या बेतात होते, पण मग त्यांनी कागदाकडेच पाहिले. चौथ्या ओळीला समोरचे गृहस्थ म्हणाले की, फाइल त्यांच्याकडे होती हे खरे, परंतु सोबतचे तुलनापत्रक अपुरे होते. ते अपुरे नव्हते, आणि त्यावर आमचा चांगला वाद झाला. १४ वर्षांत प्रथमच मी ओल्या डोळ्यांनी वाद घातला आणि तो वाद फाइलविषयी होता.

इतिवृत्तात आता 'मंजुरी प्रक्रियेतील विलंब' असे शब्द आले आहेत. माझे नाव अजून पूर्णपणे निघालेले नाही. त्यासाठी मी लेखी पत्र दिले आहे. रक्ततपासणी झाली, अहवाल दोन दिवसांत मिळेल. झोपेविषयीचा प्रश्न वाचल्यावर लक्षात आले की, गेले काही महिने मी पहाटे साडेतीनला जागा होतो आणि हे मला इतके सवयीचे झाले होते की मूळ प्रश्नात लिहावेसेही वाटले नाही. डॉक्टरांना ते सांगितले आहे.

बसविषयी मात्र कोणीच काही लिहिले नाही. तिथे पुढे न्यायचा मुद्दा नसतो आणि पाठ केलेले वाक्य ऐकवायला कोणी नसते, त्यामुळे या सूचना तिथे लागू पडत नाहीत. परवा शेजारी बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी काही न विचारता खिडकी थोडी उघडली आणि पुन्हा समोर पाहू लागले. मला ते आवडले, पण ते माझ्यासाठी होते की त्यांनाच उकडत होते, हे कळले नाही. आपल्या शेजारी अनोळखी माणूस रडत बसलेला असतो तेव्हा आपण काय करता, हे कोणी लिहिले तर वाचायला आवडेल.