शब्दचर्चा : ‘डीफॉल्ट’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

बिनतारी

टिपणे ठेवण्याच्या एका लहानशा मुक्तस्रोत ॲपचे मराठीकरण सध्या माझ्याकडे आहे. मूळ इंग्रजी मजकुरात ‘डीफॉल्ट’ (वापरणाऱ्याने दुसरे काही सांगितले नाही तर लागू होणारी निवड) हा शब्द तीन ठिकाणी येतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे काम वेगळे असल्यामुळे गाडी अडली आहे. अक्षराच्या आकाराचे लहान, मध्यम आणि मोठा असे पर्याय आहेत आणि त्यांपैकी ‘मध्यम’च्या पुढे कंसात हा शब्द आहे. दुसऱ्या ठिकाणी, या प्रकारच्या सगळ्या फायली यापुढे याच ॲपमध्ये उघडाव्यात, असे सुचवणारे बटण आहे. तिसरे बटण केलेले सर्व बदल पुसून ॲप नव्याने बसवल्यासारखे करते.

आधीच्या भाषांतरकाराने तिन्हीकडे ‘मुलभूत’ असे, तेही ऱ्हस्व ‘मु’ घालून, लिहून ठेवले आहे. शुद्धलेखन सोडून दिले तरी ‘मूलभूत’ म्हणजे ज्याच्यावाचून पुढचे काही उभे राहत नाही ते, आणि अक्षराच्या मध्यम आकारावर काहीही उभे नाही. ‘पूर्वनिर्धारित’ हा शब्द पहिल्या ठिकाणी अर्थाने बसतो. दुसऱ्या ठिकाणी मात्र तो चुकीचा ठरतो, कारण तिथे पूर्वी कोणी काही ठरवलेले नसून वापरणारा ते आत्ता ठरवत असतो. तिन्हीकडे एकच शब्द चालेल असा काही सुचतो का, की तीन वेगळे शब्द घ्यावेत?

खोडरबर

‘डीफॉल्ट’ असेच ठेवावे. कारण भाषाप्रेमाचे नाही, सोयीचे आहे. माझ्या मामांच्या फोनवर एक अडचण आली होती आणि मी त्यांना दूरध्वनीवरून ‘डीफॉल्ट ॲप्समध्ये जा’ असे सांगत होतो. त्यांचा फोन मराठीत होता आणि त्यात ‘पूर्वनिर्धारित’ असे लिहिलेले होते, त्यामुळे मी सांगितलेला शब्द त्यांना कुठेच सापडेना, आणि त्यांच्या पडद्यावर कोणता शब्द असेल याची मला कल्पना येईना. मदत मागणारा आणि मदत करणारा यांच्या पडद्यांवर एकच शब्द असणे ही अशा मजकुराची पहिली गरज आहे, आणि शब्द सुंदर आहे की नाही हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

शब्दवेडी

खोडरबर यांचे म्हणणे मान्य केले तर मराठीकरण करायचेच कशाला, हा प्रश्न उरतो. मामांचा फोन सरळ इंग्रजीत ठेवला असता तर ती अडचण आलीच नसती! शिवाय ‘डीफॉल्ट’ हा शब्द सर्वांना कळतो, हे गृहीतकच मला पटत नाही. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला ‘डीफॉल्टर’ म्हणजे कर्ज बुडवणारा, एवढेच ठाऊक असते. अशा वाचकाला ‘हे तुमचे डीफॉल्ट ॲप आहे’ असे सांगितल्यावर त्याने काय समजावे?

माझ्या मते मराठीत यासाठी ‘आपसूक’ हा नितांत सुंदर शब्द पडून आहे. आपण काही सांगितले नाही तर जे आपोआप घडते ते आपसूक. ‘आपसूक आकार’, ‘आपसूक ॲप’ आणि ‘आपसूक स्थितीत न्या’ अशी तिन्ही रूपे त्यातून होतात, आणि तो बटणातही मावतो.

बिनतारी

‘आपसूक’ मलाही आवडतो, पण प्रोग्रॅमर म्हणून त्याला माझी ठाम हरकत आहे. आपसूक म्हटले की कर्ता नाहीसा होतो. पाऊस आपसूक पडतो, फळ पिकल्यावर आपसूक गळते. त्यामागे कोणाचा निर्णय नसतो. सॉफ्टवेअरमधली प्रत्येक डीफॉल्ट गोष्ट मात्र कोणीतरी बसून ठरवलेली असते, आणि त्या निर्णयाचे परिणाम तो निर्णय झाला होता हे ठाऊकही नसलेली माणसे भोगतात.

विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली तेव्हा तिच्यात फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारे नको ते संपर्क अडवणारी भिंत, होती, पण ती बंद ठेवलेली होती. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (संगणकांतून आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) जगभर पसरला आणि त्यानंतर वर्षभराने आलेल्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने, म्हणजे सुधारणांच्या संचाने, फायरवॉल सुरू ठेवण्याची पद्धत आणली. फायरवॉलची सोय आधीपासूनच होती. कळीचा बदल झाला तो ती चालू असावी की बंद, या निवडीत. त्याही आधी, २००० च्या मे महिन्यात, प्रेमपत्राचे सोंग घेतलेला जो वर्म ईमेलमधून फिरला, त्याच्या फायलीचे नाव मजकुराच्या फायलीसारखे दिसत असे, कारण फायलीचा प्रकार सांगणारे नावाचे शेवटचे शेपूट न दाखवणे हे विंडोजचे डीफॉल्ट होते. आजही ते तसेच आहे, आणि नवा संगणक हाती आला की मी सर्वप्रथम तेच बदलतो. अशा गोष्टींना आपसूक म्हणणे म्हणजे ठरवणाऱ्याला पडद्याआड जाऊ देणे आहे.

कोपऱ्यातला वाचक

मग ‘गृहीत’ हा शब्द का नको? ‘गृहीत आकार’ थोडे अवघडल्यासारखे वाटेल, पण ‘गृहीत धरणे’ या वाक्प्रचारात कोणीतरी कोणालातरी गृहीत धरत असते, हे प्रत्येक मराठी माणसाला ऐकताक्षणी जाणवते. ‘तुम्ही मला गृहीत धरू नका’ असे आपण रागावून म्हणतो. बिनतारी यांना हवा असलेला कर्ता त्यात आहे, त्याच्याविषयीची तक्रारही आहे.

खोडरबर

तक्रार असलेला शब्द ॲपच्या पडद्यावर लावायचा नसतो, एवढे तरी मान्य करावे. मुद्दा मात्र रास्त आहे. गूगलने आपले शोधयंत्र ब्राउझरांत आणि फोनांत डीफॉल्ट असावे यासाठी २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले, हे अमेरिकेतल्या खटल्यात २०२३ मध्ये उघड झाले. वापरणाऱ्याला शोधयंत्र बदलण्याची मुभा असतेच. तो बदलणार नाही याची खात्री असल्यामुळेच एवढी रक्कम मोजली जाते. याच खटल्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने कंपनीविरुद्ध निर्णय दिला. तेव्हा ‘गृहीत’ हा शब्द अर्थशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे, असे मी म्हणेन, आणि तरीही बटणावर ‘डीफॉल्ट’च लिहीन.

उत्तरपक्ष

आपण सर्वजण एक जुनी सोय विसरत आहोत. संस्कृत व्याकरणपरंपरेत ही संकल्पना पूर्ण विकसित रूपात आहे. सामान्य नियमाला तिथे ‘उत्सर्ग’ म्हणतात आणि विशिष्ट ठिकाणी त्याला बाजूला सारणाऱ्या नियमाला ‘अपवाद’. अपवाद जिथे लागू होत नाही तिथे उत्सर्ग चालतो. डीफॉल्टची यापेक्षा नेमकी व्याख्या मला माहीत नाही. या जोडीतला ‘अपवाद’ मराठीत रोजच्या वापरात राहिला आणि त्याचा जोडीदार मात्र हरवला, याचे नवल वाटते.

दुसरा शब्द ‘शेष’. पाणिनीचे ‘षष्ठी शेषे’ असे सूत्र आहे. कर्ता, कर्म, करण इत्यादी संबंध सांगून झाल्यावर जे उरते तिथे षष्ठी विभक्ती लावावी, असा त्याचा आशय आहे. सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या स्विच-केसमध्ये, म्हणजे अनेक पर्यायांतून जुळणारा निवडणाऱ्या रचनेत, सर्व पर्याय सांगून झाल्यावर जे ‘डीफॉल्ट’ लिहितात, ते या ‘शेषे’हून वेगळे नाही.

शब्दवेडी

उत्तरपक्ष, आपल्या व्यासंगाबद्दल पूर्ण आदर आहे, पण ‘उत्सर्ग’ आणि ‘उत्सर्जन’ यांचे नाते वाचकाच्या मनातून कसे पुसणार? ‘उत्सर्ग आकार’ वाचून लोक शरीरशास्त्राचे पुस्तक उघडतील.

माझ्या मनात दुसरेच काही घोळते आहे. कायद्याच्या मराठीत ‘डीफॉल्ट’ला ‘कसूर’ म्हणतात आणि यंत्राने केलेल्या भाषांतरात तो शब्द सेटिंगच्या पडद्यावर आला की आपण हसतो. पण मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही उणीव, चूक, कमी पडणे असाच आहे. म्हणजे ‘कसूर’ हे भाषांतर व्युत्पत्तीच्या दृष्टीने अगदी योग्य म्हणावे लागेल, आणि आपल्या ‘कसर’शीही त्याचे नाते दिसते. वापरणाऱ्याने सांगण्यात जी कसर ठेवली, ती यंत्र भरून काढते!

कोपऱ्यातला वाचक

कल्पना मोहक आहे, पण ‘कसूर’ आणि ‘कसर’ हे सख्खे भाऊ नव्हेत. दोन्ही शब्द अरबीतून आले असले तरी त्यांचे धातू वेगळे आहेत. ‘कसूर’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ तोकडे पडणे, आणि ‘कसर’च्या मागचा धातू मोडणे, तुकडा पडणे या अर्थाचा आहे. अरबीत दोन्हींचे पहिले अक्षरही वेगळे लिहितात. देवनागरीत दोघांनाही ‘क’ मिळाल्यामुळे ते एकाच घरातले वाटतात.

फ्रेंचबद्दल मात्र थोडी भर घालतो. तिथे ‘च्या अभावी’ या अर्थाचाही एक वाक्प्रचार त्याच शब्दापासून बनलेला आहे. दुसरी सूचना नसल्यास, म्हणजे अन्य सूचनेच्या अभावी जे लागू होते ते डीफॉल्ट, असा अर्थाचा प्रवास त्यावरून उलगडतो. स्पॅनिशमध्ये याच शब्दावरून आपल्यासारखाच वाद आहे : काहीजण इंग्रजी-फ्रेंच वळणाचा प्रयोग करतात आणि त्याला ‘दोषामुळे’ असा वास येतो म्हणून काहीजण ‘पूर्वनिर्धारित’च्या जवळचा शब्द वापरतात. जर्मनांनी ‘आधी केलेली मांडणी’ अशा अर्थाचा जोडशब्द बनवला आणि त्याच्या बरोबरीने ‘स्टँडर्ड’ही ठेवला. एका शब्दाने कोणाचेच भागलेले दिसत नाही.

अल्पविराम

‘पूर्वनिर्धारित’ हा शब्द सगळ्यांनी मोडीत काढलेला दिसतो म्हणून त्याच्या बाजूने एक साक्ष देतो. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत फंक्शनच्या (नाव देऊन पुन्हा पुन्हा वापरायच्या सूचनांच्या गटाच्या) एखाद्या घटकाला रिकामी यादी हे डीफॉल्ट मूल्य दिले, तर ती यादी फंक्शनची व्याख्या वाचली जाते त्या क्षणी एकदाच तयार होते आणि पुढच्या सर्व वेळी तीच वापरली जाते. पहिल्या वेळी तिच्यात टाकलेली वस्तू दुसऱ्या वेळी आधीच हजर असते, आणि नवशिक्यांचा त्यात दिवस जातो. मी शिकवताना ‘डीफॉल्ट’ म्हणत असे तेव्हा हे समजावून सांगावे लागे. ‘पूर्वनिर्धारित’ म्हटल्यावर एका विद्यार्थिनीने स्वतःहून विचारले की, पूर्व म्हणजे नेमके कधी. त्या प्रश्नातच उत्तर होते. जावास्क्रिप्टमध्ये मात्र हेच मूल्य प्रत्येक वेळी नव्याने काढले जाते, म्हणजे तिथे हा शब्द खोटा ठरतो.

‘शेष’बद्दल माझा आक्षेप आहे. सी भाषेत ‘डीफॉल्ट’ सर्वांत शेवटीच लिहिले पाहिजे असा नियम नाही. ते सुरुवातीला लिहिले तरी आधी बाकीचे पर्याय जुळतात का ते पाहिले जाते. पहिल्याच ओळीवर ‘शेष’ लिहिलेले कसे वाचायचे?

बिनतारी

चर्चा फार चांगली चालली आहे, परंतु पडद्यावरच्या मजकुराचे काम अजून तसेच आहे. दोन ठिकाणांपुरता मी नाम टाळून क्रियापदाचा आधार घेण्याच्या विचारात आहे : ‘नेहमी यातच उघडा’ आणि ‘मूळ स्थितीत आणा’. कंसातला एकटा शब्द क्रियापदाने सुटत नाही.

खोडरबर

तिथे शब्दच काढून टाका आणि ‘मध्यम’पुढे बरोबरची खूण करा.

शब्दवेडी

खूण सध्याची निवड दाखवते. वापरणाऱ्याने ‘मोठा’ निवडला की खूण तिकडे जाईल, आणि मुळात काय होते हे सांगणारे काहीच उरणार नाही. त्यापेक्षा ‘मूळचा’ असे साधे लिहावे. आणि खोडरबर, राउटर आणि कॅमेरे यांच्या मूळच्या पासवर्डला तुम्ही काय म्हणता? ‘डीफॉल्ट पासवर्ड’ म्हटल्यावर तो बदलायला हवा असे कोणाला वाटतच नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या दुष्ट प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठएक जोड्या आजमावून लाखो यंत्रे ताब्यात घेतली होती. ‘कारखान्याचा पासवर्ड’ असे लिहिले असते तर तो आपला नाही, एवढे तरी ध्यानात आले असते.

खोडरबर

शब्द बदलून पासवर्ड बदलले गेले असते, यावर माझा विश्वास नाही. ब्रिटनने शेवटी कायदाच केला आणि २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांना एकच सामाईक पासवर्ड देऊन ती विकण्यास मनाई केली. भाषेने जे होत नाही ते कायद्याने करावे लागते.

उत्तरपक्ष

अल्पविराम यांचा आक्षेप मी विचारात घेतला. ‘शेष’ म्हणजे लिहिण्याच्या क्रमाने उरलेले नव्हे, निवडीनंतर उरलेले. ते कोणत्या ओळीवर लिहिले याला महत्त्व नाही. क्रमाचा प्रश्न दोन नियम एकाच ठिकाणी लागू होऊ पाहतात तेव्हा येतो, आणि त्यासाठी पाणिनीने ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’ असे सांगून ठेवले आहे : समान बळाच्या नियमांत विरोध आला तर नंतरचा नियम चालतो.

अल्पविराम

मग पाणिनीने सीएसएसच (वेबपानांचे रूप ठरवणारी नियमांची भाषा) लिहिले म्हणायचे! तिथेही अधिक विशिष्ट नियम सामान्य नियमाला बाजूला सारतो आणि दोन्ही सारख्याच विशिष्टतेचे असतील तर नंतर लिहिलेला चालतो. पण ब्राउझरची स्वतःची जी शैलीपत्रिका सर्वांच्या तळाशी असते, मथळे ठळक आणि दुवे निळे करणारी, तिला आपण उत्सर्ग म्हणणार की शेष? ती तर सर्वांच्या आधी लागू होते आणि सर्वांकडून हरते.

उत्तरपक्ष

अर्थातच उत्सर्ग. शेषाला आधी लागू होता येत नाही.

शब्दवेडी

‘ठरीव’ या शब्दाकडे अजून कोणीच पाहिलेले नाही, हे नम्रपणे नमूद करते.