टेस पाद्र्याकडे गेलीच का?

वाचनवेडी:
थॉमस हार्डीची 'टेस' ही इंग्रजी कादंबरी (१८९१) तीस वर्षांनी परत हातात घेतलीय. टी.वाय.ला होती, पण चौदावं प्रकरण सरांनी 'घरी वाचा' म्हणून उडवलं आणि आम्ही अर्थातच वाचलं नाही. काल वाचलं, झोप उडाली.

लग्नाविना झालेलं टेसचं बाळ शेवटच्या घटका मोजतंय, बाप्तिस्मा अजून झालेला नाही. पाद्री घरात नको, अब्रू जाईल, म्हणून टेसच्या बापाने दाराला कुलूप घालून किल्ली खिशात टाकलीय. मग ही पोर भावंडांना उठवून गुडघ्यांवर बसवते, बहिणीला प्रार्थनेचं पुस्तक धरायला लावते आणि तोंड धुवायच्या भांड्यातल्या पाण्याने स्वतःच बाप्तिस्मा देते. नाव ठेवते सॉरो. दुःख! उजाडता उजाडता बाळ जातं.

एवढं सगळं स्वतः निभावल्यावर 'मी दिलेला बाप्तिस्मा चालेल का?' हे ती पाद्र्याला विचारायला का जाते? श्रद्धा तिची, पाणी तिचं, मग होकार त्याचा कशाला?

जुनंखोड:
ताई, त्याआधीचा परिच्छेद परत बघा. बाप्तिस्म्याविना मेलेलं बाळ नरकात जाणार या भीतीने, सैतान त्रिशूळासारख्या काट्याने बाळाला उडवतोय असं तिला दिसतं, आणि तो काटा कसला? घरी पाव भाजायच्या दिवशी भट्टीसाठी वापरतात तसला. नरक चर्चने शिकवलेला, काटा स्वयंपाकघरातला. ज्याने भीती घातली त्याच्याकडूनच उतारा हवा ना!

(कादंबरी आधी 'ग्राफिक' साप्ताहिकात क्रमशः आली, त्यात हा बाप्तिस्म्याचा प्रसंग नव्हता. हार्डीने तो दुसऱ्या मासिकात वेगळा छापला.)

पारावरचा:
पण सगळं खापर चर्चवरच का? जॉर्ज एलियट (हे एका लेखिकेचं टोपणनाव) हिच्या 'अ‍ॅडम बीड' कादंबरीतली (१८५९) डायना घ्या. मेथडिस्ट, म्हणजे प्रस्थापित चर्चबाहेरची. गावच्या हिरवळीवर उभं राहून प्रवचन करणारी. बालहत्येसाठी तुरुंगात पडलेल्या हेटीपाशी रात्र काढणारीही तीच. तिला गप्प कोणी केलं? तिच्याच पंथाच्या परिषदेने. बायकांच्या प्रवचनांवर १८०३ साली खरोखरच बंदी आली होती. डायना निमूट मानते, नवऱ्यालाही ते पटतं. दीर सेथ मात्र म्हणतो, असला पंथच सोडायला हवा होता. लेखिकेची सख्खी काकू मेथडिस्ट प्रवचनकार होती, म्हणून मला तरी ते शेवटचं प्रकरण टोचतं.

वाचनवेडी:
जुनंखोड, काटा माझ्या नजरेतून सुटलाच होता. पटलं. पण पाद्रीही मला पुरता दगड वाटला नाही. आधी विरघळून 'चालेल' म्हणतो. चर्चच्या रीतीने पुरायचं म्हटल्यावर आढेवेढे घेतो. 'तुमच्या चर्चला परत येणार नाही,' असं ती तोंडावर सुनावते. शेवटी 'तसं पुरलं नाही तरी बाळाला सारखंच ना?' म्हणून काकुळतीला येते, तर त्यालाही 'सारखंच' म्हणतो.

मग रात्री कंदिलाच्या उजेडात, एक शिलिंग आणि बिअरच्या बदल्यात, खाजकुयल्या माजलेल्या कोपऱ्यात पुरणं. दारुडे आणि आत्महत्या केलेले जिथे पुरतात तिथे. टेस दोन फळकुटांचा क्रूस करते, पायथ्याशी मुरंब्याच्या बरणीत फुलं ठेवते. बरणीवरचं लेबल तसंच असतं. हार्डी म्हणतो, आईला ते दिसतच नाही.