डॉक्सी संपत आल्यात, सप्लायर म्हणतो बिलं तोडून घ्या. नियमात कसं बसवायचं?

कोकणफार्मा:
नमस्कार मंडळी. कोकणात एका पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) औषध निर्माण अधिकारी आहे, स्टोअरचा चार्ज नुकताच आलाय. लावणी चालू आहे, माणसं दिवसभर चिखलात, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस तापाचे) संशयित वाढलेत आणि त्यावरच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्याच उरल्यात, सलाईनपण कमी. जिल्हा भांडारात फोन केला तर नाहीये म्हणाले. एमओ (वैद्यकीय अधिकारी) सर म्हणतात आरकेएसमधून (रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून) घेऊ. आता नेहमीचा सप्लायर म्हणतो रक्कम थेट खरेदीच्या मर्यादेच्या वर जातेय तर वेगवेगळ्या तारखांची बिलं करून देतो, कोटेशन लागलीच तर तिन्ही मीच आणतो, सगळीकडे असंच चालतं. सही करायची भीती वाटते पण पेशंटना थांबा कसं सांगू?

जुना_लेखापाल:
अजिबात सही करू नका. मागणीचे तुकडे पाडायचे नाहीत हे केंद्राच्या जीएफआर 2017 मध्ये (सर्वसाधारण वित्तीय नियमांत) नियम 157 ला सरळ लिहिलंय, आपल्याकडे उद्योग विभागाची 1 डिसेंबर 2016 ची खरेदी नियमपुस्तिका आहे ती वाचा, फक्त रकमेच्या मर्यादा झेडपीच्या अर्थ विभागाकडून चालू जीआर घेऊनच बघा. लोकल फंड ऑडिटवाला बिल सुटं बघत नाही, साठा नोंदवही उघडतो, तिथं एकच औषध, एकच सप्लायर, चार दिवसांच्या अंतराने तीन नोंदी दिसल्या की आक्षेप लागला, आणि वसुली निघाली तर सह्या असतील त्यांच्यावर, सप्लायर तोवर कुठेच नसतो.
तीन कोटेशन एकानेच आणलेली पण कळतात हो. तीच टायपिंगची चूक तिन्हीत, तारीख एक, अक्षर एक. तुम्ही स्वतः तीन दुकानांना मेल टाका, दोन दिवसांची मुदत द्या, आलेले दर तुलनात्मक तक्त्यात मांडा आणि समितीच्या सह्या घ्या.
आणि फोनवरचं 'नाही' काही कामाचं नाही. आजच इंडेंट (लेखी मागणी) द्या, ई-औषधीवर (औषधसाठ्याच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर) टाका, भांडाराकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र लेखी मागा. फाईलला तोच आधार.

तालुका_एमओ:
लेखापाल साहेबांचं सगळं बरोबर पण कोटेशन येईस्तोवर ओपीडी कशी चालवायची ते पण सांगायला हवं. आधी टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) साहेबांना सांगून शेजारच्या पीएचसी किंवा आरएचमधून (ग्रामीण रुग्णालयातून) ट्रान्सफर मागा, बऱ्याचदा एकीकडे पडून असतं आणि दुसरीकडे खडखडाट. दोन्हीकडच्या नोंदवहीत नोंद करा, झालं, त्यात खरेदीच नाही. मग उरलेल्या गरजेपुरतीच खरेदी करा. पुढचा पुरवठा येईपर्यंत पंधरा दिवसांचं घेणं म्हणजे तुकडे नव्हेत ना?

जुना_लेखापाल:
नाही, पण ते टिप्पणीत (खरेदीच्या मंजुरीसाठी फाईलवर लिहितात त्या नोंदीत) आधी लिहिलेलं पाहिजे. रोजची संशयित पेशंटची संख्या, रोजचा खप, हातातला साठा, त्यावरून किती दिवसांचं हवं, आणि खाली एमओंची सही. खरेदी झाल्यावर मागची तारीख टाकून लिहिलेली टिप्पणी मी तरी मान्य केली नसती.

गोळी_तपासा:
एक गोष्ट कुणी बोललं नाही. 2023 मध्ये नागपूर जिल्ह्यात सरकारी दवाखान्यातून घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या नमुन्यात औषधच नव्हतं, नंतर अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात अझिथ्रोमायसिनचं तसंच निघालं. लेप्टोचा पेशंट अशी गोळी खाऊन घरी बसला तर काय होईल विचार करा. म्हणून स्वस्त दराच्या आधी सप्लायरचं 20बी आणि 21बी लायसन्स (औषधांच्या घाऊक विक्रीचे परवाने) चालू आहे का बघा, बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी घ्या, त्या बॅचचा टेस्ट रिपोर्ट मागा, देत नसेल तर माल उतरवूनच घेऊ नका.

कोकणफार्मा:
धन्यवाद सगळ्यांना. टीएचओ ऑफिसला ट्रान्सफरसाठी मेल गेला, भांडाराकडे प्रमाणपत्र मागितलंय, सप्लायरला नाही सांगितलं. एमओ सर टिप्पणी आजच करतायत. सलाईन आणि डॉक्सी एकाच टिप्पणीत घ्यायचं की वेगळं?

जुना_लेखापाल:
एकाच. दोन्ही एकाच साथीसाठी, एकाच वेळी लागतंय, वेगळं केलंत की परत तोच प्रश्न येईल.