बी.टी. देशमुख सर पक्षाशिवाय तीस वर्षं आमदार कसे राहिले?

प्रश्न (दर्यापूर): आमच्या घरी बी.टी. सरांचं नाव लय निघते. प्राध्यापक माणूस, कोणत्या पक्षाचा नाही, आणि अमरावती पदवीधर मतदारसंघातून 1980 पासून सलग तीस वर्षं विधान परिषदेत. हे जमलं कसं? आणि आम्हा कास्तकारांसाठी त्यायनं काय केलं?

निवृत्त मास्तर, पुसद: पक्ष नव्हता पण संघटना होती ना बाप्पा. नुटा, म्हणजे नागपूर विद्यापीठातल्या प्राध्यापकांची संघटना. अमरावती विद्यापीठ 1983 ले झालं, त्याआधी वऱ्हाडातले कॉलेज नागपूरलेच जोडलेले. पदवीधरची मतदार यादी दरवेळी कोरी सुरू होते, डिग्रीची झेरॉक्स जोडून नमुना 18 भरून द्या लागते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून चालत नाही. मग ज्याचा माणूस प्रत्येक कॉलेजात बसला आहे त्याले पक्षाची काय गरज? पुढे पक्षवाले बी हे शिकले अन् सरांले भाजपच्या रणजित पाटलांनी पाडलं.

कोरडवाहू, मोर्शी: कास्तकारांसाठी काय म्हणता, सिंचनाचा अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या मानानं मागं राहिलेलं काम! ही तूट मोजाले सरकारनं नेमलेल्या दांडेकर समितीनं 1984 ले सांगितलं का सिंचन, रस्ते सगळं धरून राज्याचा अनुशेष 3186 कोटी, त्यातला 1246 कोटी एकट्या विदर्भाचा, म्हणजे 39 टक्के. हे आकडे घेऊन सर सभागृहात भांडायचे, विदर्भासारख्या भागांच्या समतोल विकासाची जबाबदारी राज्यपालांवर टाकणारं घटनेचं कलम 371(2) धरून बोलायचे. माझ्या वावराच्या धुऱ्यावरून कालवा गेला पण पाटचारी आलीच नाही, संत्र्याले अजूनही बोअरचंच पाणी, मोटर रात्री दोनले लावा लागते. म्हणून म्हणतो, असा माणूस पाहिजेच.

राळेगावकर: सरांबद्दल आदर आहेच, पण त्यायले मत फक्त पदवीधर देत होते, माझ्या बारावी शिकलेल्या बापाले तो हक्कच नव्हता. आमच्या राळेगाव विधानसभा मतदारसंघात पहा, काँग्रेसचे वसंत पुरके सर प्राध्यापक, शालेय शिक्षणमंत्री झाले, भाजपचे अशोक उईके सरही प्राध्यापक, 2014, 2019, 2024 तिन्ही वेळा दोघं समोरासमोर आणि तिन्ही वेळा उईके सर. तिथं मजुराचंही मत लागते, दारोदार फिरा लागते, मले तीच खरी परीक्षा वाटते.

निवृत्त मास्तर, पुसद: बरोबर आहे. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात तर प्राथमिकच्या गुरुजींनाही मत नाही, माध्यमिक अन् त्यावरच्यांनाच.

प्रश्न (दर्यापूर): धन्यवाद सगळ्यांचे. माझ्या बहिणीचं बीए होऊन चार वर्षं झाली, तिचं नाव लागेल का यादीत?

निवृत्त मास्तर, पुसद: हो लागते. 1 नोव्हेंबरच्या आधी डिग्रीले तीन वर्षं पूर्ण पाहिजे, तिचे झाले. तहसीलमध्ये फॉर्म निघाले का लगेच भरा.