'एंड स्टेप'ला मराठीत काय म्हणाल?

जळगावचा_मामा: भाचा आणि त्याच्या मित्रांसाठी 'मॅजिक द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचे नियम मराठीत उतरवतोय. काल माझ्याच भाषांतरावरून भांडण पेटलं. एका पत्त्याचा परिणाम 'एंड स्टेप'च्या सुरुवातीला, म्हणजे पाळी संपत आली की पण संपण्याआधी, घडायचा होता. मी लिहिलं, 'पाळी संपल्यावर'. भाचा इमानदारीत थांबला, समोरच्याने स्वतःची पाळी सुरू करत आपले आडवे पत्ते उभे केले, आणि मग याने परिणाम काढला. समोरचा म्हणे, आता कसला, माझी पाळी सुरू झाली! 'शेवटची पायरी' चालेल?

केळीबाग: आधी 'पाळी' काढा. माझी मुलगी पण खेळते, 'तुझी पाळी आली' म्हटलं की सगळी पोरं खिदळतात. 'बारी' म्हणा. आमच्याकडे सामाईक विहिरीवर 'आते मनी बारी शे' (आता माझी बारी आहे) म्हटलं की मोटर दुसरा कोणी सुरू करत नाही.

शब्दनिष्ठ: बारी हिंदीतून आली. पाळी अस्सल. गव्हाला पाण्याच्या पाळ्या देतोच ना? त्यात लाजायचं काय?

केळीबाग: हिंदीतून? मूळ संस्कृत 'वार'. ते दोन्हीकडे आलं. संगीतबारी काय दिल्लीहून आली?

डावखुरा: मामा, 'शेवटची पायरी' चुकेल. एंड स्टेपनंतर अजून एक पायरी असते, हातात सातच्या वर पत्ते असले तर तिथे टाकायचे. मग खरी शेवटची कोणती? त्या पायरीला 'आवराआवर' म्हणा. बाकी घोळ तुमचा एकट्याचा नाही. २००९ च्या आधी इंग्रजी पत्त्यांवरसुद्धा 'पाळीच्या शेवटी' अशाच अर्थाचं छापायचे. नंतर बदलून 'एंड स्टेपच्या सुरुवातीला' केलं.

जळगावचा_मामा: म्हणजे कंपनीलाही कळायला सोळा वर्षं लागली, खेळ १९९३ चा! मग एंड स्टेपला 'दिवेलागण' कसं वाटतं? दिवे लागले तरी दिवस संपलेला नसतो, झाकपाक बाकी असते.

शब्दनिष्ठ: कविता करताय की नियम?

पांझराकाठ: दिवेलागण मस्त. आणि 'स्टॅक'ला 'उतरंड' करा. आजीच्या माजघरात होती. सगळ्यात वरचं मडकं काढल्याशिवाय खालच्यातली डाळ मिळायची नाही. खेळातही शेवटी टाकलेला पत्ता आधी लागू होतो.

शब्दनिष्ठ: पत्त्यांत 'उतारी' आधीच आहे, पोरं गोंधळतील. 'थप्पी' म्हणा.

पांझराकाठ: थप्पी पोत्यांची. ती कोसळते, उतरत नाही. आणि बारी-पाळीचं म्हणाल तर आमच्या साक्रीकडे फड पद्धतीत, म्हणजे पाटाचं पाणी वाटून घेण्याच्या जुन्या रीतीत, नेमलेला पाटकरी पाणी देतो, शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावायचा नाही. बारी कोणाची हा वादच नाही. तुमच्या पोरांना एक पाटकरी नेमा.

डावखुरा: तसं नाही चालत. इथे ज्याची बारी, त्याला पहिली संधी, पण प्रत्येक वेळी समोरच्यालाही विचारावं लागतं. दोघांनी लागोपाठ 'चालू दे' म्हटलं, तरच वरचं मडकं उतरतं.

केळीबाग: चला, डावखुरा, तुम्हीही 'बारी' म्हणालात!

शब्दनिष्ठ: ते सवयीने म्हणाले. वखराच्या तरी पाळ्याच असतात, एक आडवी, एक उभी. तुमच्या आडव्या-उभ्या पत्त्यांना शोभतं.

पांझराकाठ: आमच्याकडे आधी उभी घालतात, मग आडवी.

शब्दनिष्ठ: काळ्या रानात?

जळगावचा_मामा: अहो, दिवेलागण ठेवू की नको? पोरं पाचला येतायत.

पांझराकाठ: काळ्या रानातच.